मेजर लीग बेसबॉल: जखमी खेळाडूची नोंद, मुदती आणि नेहमी अडणाऱ्या जागा

मेजर लीग म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलची सर्वोच्च लीग. तिच्या क्लबला दोन याद्या सांभाळाव्या लागतात. रोज मैदानात उतरू शकणाऱ्या २६ जणांची (१ सप्टेंबरपासून २८), आणि तिला पोटात घेणारी ४० जणांची. बहुतेक घोळ होतात ते जखमी खेळाडूमुळे नेमकी कोणत्या यादीतली जागा मोकळी झाली, हे न पाहिल्याने.

इंजर्ड लिस्टवरची (जखमी खेळाडूंच्या यादीवरची) किमान मुदत पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) १५ दिवस, इतरांना १०. कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का) असेल तर वेगळी ७ दिवसांची यादी आहे. अर्जासोबत क्लबच्या डॉक्टरांनी भरलेला ठरावीक नमुन्यातला निदानाचा फॉर्म लागतो. दुखापत नेमकी कोणती आणि बरं व्हायला अंदाजे किती दिवस, हे त्यात हवंच. खेळाडूचा खेळ नुसता घसरलाय म्हणून त्याला इथे बसवता येत नाही.

सगळ्यात जास्त चुकते ती मागची तारीख. नोंद जास्तीत जास्त तीनच दिवस मागे नेता येते, तीही मधल्या काळात तो एकाही सामन्यात उतरला नसेल तरच. समजा, फलंदाज १ जूनला शेवटचा खेळला. ५ जूनला नोंद केली तर मोजणी २ जूनपासून होते आणि तो १२ तारखेला परत येऊ शकतो. ‘उद्या बरा होईल’ म्हणत ७ तारीख उजाडली, की मोजणी ४ पासून आणि परतीचा दिवस १४. दोन दिवस फुकट गेले. मधे एका डावात नुसता धावायला पाठवला असेल, तरी मोजणी त्याच्या पुढच्या दिवसापासून.

१० किंवा १५ दिवसांच्या यादीने २६ मधली जागा सुटते, ४० मधली नाही. ती हवी असेल तर ६० दिवसांची यादी, आणि तिच्यावर खेळाडू टाकता येतो तो ४० च्या सगळ्या जागा भरलेल्या असतील तरच. आधी १० किंवा १५ च्या यादीवर काढलेले दिवस या ६० मध्ये धरले जातात. बातमीत ‘६० दिवस’ वाचून लोक उगाच दोन महिने पुढे मोजतात. खरी अडचण परतताना येते: त्याला ४० मध्ये पुन्हा जागा लागते, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी नाव काढावं लागतं. ते नाव आधीच ठरवून ठेवा.

बदली म्हणून नुकताच मायनर लीगला (खालच्या स्तरावरच्या लीगला) धाडलेला खेळाडू हवा असेल, तर एरवी त्याला तिथे १० दिवस (पिचरला १५) काढावे लागतात. जखमी खेळाडूच्या जागी आणताना ही अट सुटते.

दुखापतीतून सावरणाऱ्याला सरावासाठी मायनर लीगमध्ये खेळवायची मर्यादा २० दिवस, पिचरला ३०, आणि तीही खेळाडूच्या संमतीनेच.

प्लेऑफची (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांची) मालिका सुरू असताना जखमी खेळाडूच्या बदलीला लीगच्या आयुक्त कार्यालयाची मंजुरी लागते आणि पिचरच्या जागी पिचरच घ्यावा लागतो. बाहेर काढलेला खेळाडू पुढच्या फेरीलाही अपात्र ठरतो. दोन दिवसांत उभा राहील अशी आशा असेल, तर हा अर्ज घाईने करू नका.