सायकलच्या फ्रेमवरचा रंग: भट्टीतल्या काळ्या एनॅमलपासून पावडर कोटिंगपर्यंत

जुन्या सायकली बहुतेक काळ्या का, याचं उत्तर आवडीनिवडीत कमी आणि भट्टीत जास्त सापडतं. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचे जॉन मार्स्टन सायकलींकडे वळण्याआधी पत्र्याच्या वस्तूंवर काळा चकचकीत लेप चढवण्याच्या धंद्यात होते. 1887 मध्ये त्यांनी ‘सनबीम’ सायकली काढल्या आणि हीच कारागिरी फ्रेमवर आणली. या लेपात डांबराच्या जातीचं बिट्युमेन आणि जवसाचं तेल असे. एक हात द्यायचा, भट्टीत भाजायचा, घासायचा आणि वर पुढचा हात द्यायचा. बिट्युमेन मुळातच काळं, त्यामुळे सर्वांत चिवट लेपही काळाच असायचा.

पण माझ्या मते या इतिहासातला खरा टप्पा डोळ्यांना दिसतच नाही. 1906 मध्ये थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी फॉस्फेटिंगचं पेटंट घेतलं. पोलाद गरम फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणात ठेवलं की त्यावर फॉस्फेटच्या स्फटिकांचा पातळ, खरखरीत थर तयार होतो. रंगाला त्यात पकड मिळते आणि ओरखडा पडला तरी गंज रंगाखालून सहजासहजी पसरत नाही. रंग उडतो तेव्हा आपण रंगाला दोष देतो, पण बहुतेकदा उणीव या खालच्या तयारीत असते.

चकाकी हवी असे तिथे आधी निकेल होतं. 1920 च्या दशकात क्रोम आलं. चाक काढता-घालताना रंग खरवडला जातो, म्हणून रेसिंग फ्रेमच्या मागच्या टोकांना क्रोम देण्याची पद्धत रुळली. मात्र क्रोमच्या थरात बारीक भेगा असतात आणि गंजापासून खरा बचाव खालचं निकेल करतं. शिवाय मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होऊ शकतं. त्यामुळे हे काम जाणत्याच्याच हातून व्हावं.

1923 च्या सुमारास आलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरमुळे झटपट वाळणारे रंग मिळाले, पण ते टवके उडणारे निघाले. त्यांच्यापेक्षा कितीतरी चिवट ठरलं दोन घटक मिसळून लावायचं पॉलीयुरेथेन.

पावडर कोटिंगची सुरुवात 1950 च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांच्या प्रयोगांनी झाली. तेव्हा तापवलेली वस्तू हवेवर खेळत्या पावडरीत बुडवत. विद्युतभार देऊन पावडर फवारण्याची रीत पुढच्या दशकात आली. साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला ती वितळून एकसंध होते. लेप जाड आणि दणकट होतो, पण लग्जच्या, म्हणजे फ्रेमच्या नळ्या जोडणाऱ्या धातूच्या बाह्यांच्या, नाजूक कडा त्यात बुजतात आणि आटे झाकले नाहीत तर भरून जातात. खालचा धातू नीट साफ नसेल, तर पाणी आत शिरून पापुद्रेच्या पापुद्रे सुटतात. ॲल्युमिनियमची ताकद उष्णता-प्रक्रियेतून येते, म्हणून त्याला भट्टीत ठेवताना तापमान आणि वेळ दोन्ही सांभाळावे लागतात.

नुसतं पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम लवकर मळकटतं, आणि वर पारदर्शक लॅकर दिलं तर ओरखड्यापाशी त्याखाली दोऱ्यासारखी गंजरेघ सरकू लागते. ॲनोडायझिंगमध्ये धातूचाच ऑक्साइड थर जाड केला जातो, म्हणून त्याचे पापुद्रे निघत नाहीत. टायटॅनियमला हे कवच निसर्गतःच मिळालं आहे. ते बिनरंगाचं ठेवलं तरी चालतं.

पोलादी नळीच्या आत मात्र फवाऱ्यातला रंग पोहोचत नाही. सीटपोस्टवाटे (सीटखालच्या दांड्यावाटे) उतरलेलं पाणी तिथे साचतं, म्हणून रंगकाम झाल्यावर आतून तेल किंवा गंजरोधक द्रव फिरवून घेतात.