उसाच्या ट्रॉलीला वायरलेस कॅमेरा लावताना

दिवाळी सरली की कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यात उसाने भरलेल्या जोड-ट्रॉल्यांची (एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या) वर्दळ सुरू होते. ट्रॉली भरली की ड्रायव्हरच्या पाठीशी मोळ्यांची भिंत उभी राहते आणि आरशात त्या भिंतीची कड तेवढी दिसते. फडातून गाडी मागे घेताना बांध किती लांब आहे, मागे बैलगाडी येऊन थांबली आहे की तोडकऱ्याचं पोर खेळतंय, हे कुणीतरी खाली उभं राहून ओरडून सांगायचं. इंजिनाच्या आणि गाण्याच्या डेकच्या आवाजात ते ऐकू जातंच असं नाही. अशा जागी मागचा कॅमेरा खरोखर जीव वाचवू शकतो. मात्र कारसाठी बनवलेला संच जसाच्या तसा ट्रॉलीवर चढवला, तर आठवडाभरात चित्र तुटायला लागतं. बहुतेक वेळा दोष कॅमेऱ्यात नसून तो कुठे आणि कसा जोडला यात असतो.

‘वायरलेस’ या शब्दानेच पहिली फसगत होते. हवेतून जातं ते फक्त चित्र. कॅमेऱ्याला आणि त्याच्या ट्रान्समीटरला वीज लागतेच. तरीही ट्रॉलीला वायरलेसच बरा, कारण ट्रॉल्या सतत सुटतात आणि जोडल्या जातात. व्हिडिओची बारीक केबल हुकापाशी वळणावर ताणते, तिच्या पिनांत चिखल जातो आणि हंगामाच्या मध्यावरच ती निकामी होते. लाइटचा जाड प्लग त्या मानाने टिकतो. म्हणून वीज प्लगमधून द्यायची आणि चित्र हवेतून न्यायचं.

हे चित्र जातं २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींवर. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरवलेल्या ताकदीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो; वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच चालतात. या लहरींची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित जास्त. लोखंडी पत्रा त्यांना परतवतो आणि पाणी त्यांना शोषून घेतं. मायक्रोवेव्ह ओव्हन अन्नातल्या पाण्याला तापवतो तो जवळपास याच लहरींनी, २.४५ गिगाहर्ट्झवर. आता तोडलेल्या उसात वजनाने सुमारे ७० टक्के पाणी असतं. ट्रॉलीत दहा टन ऊस धरला तर कॅमेरा आणि ड्रायव्हर यांच्या मध्ये सात हजार लिटर पाण्याचा टँकर उभा केल्यासारखं झालं. खोक्यावर छापलेली ‘१०० मीटर रेंज’ ही मोकळ्या मैदानातली असते. रिकाम्या ट्रॉलीवर चित्र स्वच्छ दिसलं म्हणून पैसे मोजून मोकळे होऊ नका. चाचणी भरलेल्या ट्रॉलीवर घ्या, शक्य तर सकाळी मोळ्यांवर दव असताना.

शिवाय दोन अँटेना एकमेकींना ‘दिसतात’ एवढ्याने भागत नाही. त्यांच्यामधल्या सरळ रेषेभोवती काकडीसारखा, मध्ये फुगलेला पट्टा मोकळा लागतो. दुसऱ्या ट्रॉलीच्या शेवटापासून ड्रायव्हरपर्यंत १५ मीटर धरले, तर मध्यावर या काकडीची त्रिज्या सुमारे ७० सेंटिमीटर भरते. भरलेल्या ट्रॉलीच्या वरून किंवा आरपार एवढी वाट मिळणं शक्य नाही. पण हौद्याखाली, चाकांच्या मधल्या जागेत, बऱ्यापैकी वाट असते, आणि लोखंडावरून व रस्त्यावरून परावर्तित होणाऱ्या लहरीही हातभार लावतात.

म्हणून कॅमेरा आणि ट्रान्समीटर एकाच डबीत असलेला संच ट्रॉलीसाठी घेऊ नये. दोन्ही सुटे असलेला घ्यावा. कॅमेरा मागे, फाळक्याखालच्या (मागच्या झडपेखालच्या) आडव्या लोखंडी चॅनेलवर. तिथून व्हिडिओची केबल चॅसीच्या आतल्या कडेने, दर ३० सेंटिमीटरला क्लिप मारत पुढे हुकापर्यंत आणायची आणि ट्रान्समीटर तिथे बसवायचा. ही केबल ट्रॉलीसोबतच राहते, सुटण्याचा प्रश्न नाही. हवेतून जायचं अंतर मग पुढच्या ट्रॉलीसाठी दोन-तीन मीटरच उरतं. मागच्या ट्रॉलीच्या लहरीला पुढच्या हौद्याखालून यावं लागतं, त्यामुळे तिची अँटेना चॅसीच्या चॅनेलखाली लोंबली पाहिजे. दगड-चिखलापासून वाचवायला लोखंडी पट्टी नको, ती लहरी अडवते. पीव्हीसी पाइपचा तुकडा टोपीसारखा बसवा. दोन्हीकडच्या अँटेना उभ्या ठेवा. एक उभी आणि एक आडवी झाली की पोहोचणारी ताकद बरीच घटते. मॉनिटरची (ड्रायव्हरपुढच्या पडद्याची) अँटेना लांबवायची वेळ आलीच तर केबल एक मीटरच्या आत ठेवा, कारण या वारंवारितेला बारीक काळी केबल मीटरमागे तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ताकद खाते.

अ‍ॅनालॉग की डिजिटल, या प्रश्नाला साखर कारखान्याच्या आवारात एकच उत्तर आहे. अ‍ॅनालॉग संचात कॅमेरा आणि मॉनिटरची जोडी बांधलेली नसते. त्याच चॅनेलवरचा जो सिग्नल जोरकस असेल तो पडद्यावर येतो. रेठऱ्याच्या कृष्णा किंवा साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्यासारख्या ठिकाणी हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात. शेजारच्याकडेही तसाच संच असला, तर त्याच्या ट्रॉलीमागची मोकळी जागा तुमच्या पडद्यावर दिसते आणि तुम्ही निर्धास्त मागे येता. डिजिटल संचातला कॅमेरा आपल्याच मॉनिटरशी ‘पेअर’ होतो आणि वारंवारिता सतत बदलत राहतो, त्यामुळे ही गल्लत होत नाही. पेअरिंग सोपं असतं: मेन्यूत चॅनेल निवडायचा, ‘पेअर’ दाबायचं आणि माहितीपत्रकात दिलेल्या वेळेत कॅमेऱ्याला वीज द्यायची. दोन कॅमेरे असतील तर पेअर करताना एका वेळी एकच चालू ठेवा. ७ इंची पडदा आणि ७२०पी चित्र पुरतं. जास्त बारीक चित्राला जास्त माहिती पाठवावी लागते आणि कमकुवत सिग्नलवर तेच आधी तुटतं. मोबाइलवर दिसणारे वाय-फाय कॅमेरे या कामाला घेऊ नका.

सगळ्यात जास्त तक्रारी मात्र विजेच्या निघतात. ओळखीचं लक्षण म्हणजे ब्रेक दाबला की पडदा काळा होतो. कारण असं. कॅमेऱ्याची वायर मागच्या लाइटच्या वायरलाच जोडलेली असते. २१ वॉटचे दोन ब्रेक बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अ‍ॅम्पिअर ओढतात. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १५ मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन ३० मीटरचा रोध अर्धा ओहम होतो. साडेतीन अ‍ॅम्पिअरला तिथे पावणेदोन व्होल्ट गळतात. त्यात अर्थिंग हुकाच्या गंजक्या पिनेतून घेतलेलं असलं, तर आणखी गळती होते, तीही प्रत्येक हादऱ्याला वेगळी. कॅमेऱ्याला पुरेसा दाब मिळत नाही आणि तो बंद पडून पुन्हा चालू होतो, तेही नेमका थांबायच्या वेळी.

उपाय स्वस्त आहे. कॅमेऱ्यासाठी दीड चौरस मिलिमीटरच्या दोन स्वतंत्र वायरी ओढा, एक पॉझिटिव्ह आणि एक अर्थ. कॅमेरा आणि ट्रान्समीटर मिळून ०.३ अ‍ॅम्पिअरच्या आसपास घेतात, म्हणजे १५ मीटरवर गळती ०.१ व्होल्टएवढीच. वीज चावीनंतरच्या जोडणीतून घ्या, नाहीतर रात्रभरात बॅटरी उतरते, आणि त्या जोडणीपासून एका वितीच्या आत २ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज लावा. ट्रॅक्टरच्या मागे ७ पिनांचं सॉकेट असेल तर मोकळी पिन टेस्ट लॅम्पने शोधा. वायरच्या रंगावर विसंबू नका, कारण गॅरेजगणिक रंग बदललेले असतात. जोड पिळून टेप गुंडाळू नका, झाळून वर हीटश्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी) नळी चढवा. शेवटी सगळे लाइट लावून, ब्रेक दाबून, कॅमेऱ्याच्या प्लगपाशी मल्टिमीटर धरा. इंजिन चालू असताना तिथे १२ व्होल्टच्या वर दाब मिळायला हवा. ट्रकला लावणार असाल तर संच २४ व्होल्टला चालतो का ते आधी वाचा. फक्त १२ व्होल्टचा असेल तर तो जळतो. आणि ट्रॉलीला वेल्डिंग करायचं असेल तर कॅमेऱ्याचा प्लग आधी काढा.

ट्रॉल्या भाड्याने बदलत असतील तर, वर सांगितलेली एका डबीची अडचण पत्करून, लोहचुंबकाचा, चार्ज होणारा कॅमेरा सोयीचा पडतो. मात्र त्याला तारेचा फास बांधून ठेवा. खड्ड्यात चुंबक निसटला की कॅमेरा मागून येणाऱ्या चाकाखाली जातो.

मॉनिटर ‘मिरर’वर ठेवा, म्हणजे डावीकडे उभा माणूस पडद्यावरही डावीकडे दिसेल. पडद्यावरच्या रंगीत रेषा कारसाठी आखलेल्या असतात, त्या बंद करा. ट्रॉली भरून सपाट जागेवर उभी करा. मागे सर्वात बाहेर आलेल्या कांड्यापासून (फाळक्यापासून नव्हे) १, २ आणि ३ मीटरवर विटा मांडा आणि त्या जिथे दिसतात तिथे पडद्याच्या कडेला रंगीत टेपच्या खुणा करा. १५०-१७० अंशांच्या रुंद भिंगात वस्तू असतात त्यापेक्षा लांब वाटतात; विटांच्या खुणा हा भास पुसून टाकतात.

डिजिटल चित्राला पोहोचायला ०.२ सेकंद लागतात असं धरा. ताशी ५ किलोमीटर वेगाने तेवढ्यात ट्रॉली २८ सेंटिमीटर सरकते. पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला तर आणखी १.४ मीटर. मागचा अडथळा २ मीटरच्या खुणेवर आला की थांबायचं, हा नियम इथून येतो. त्याहून घातक म्हणजे गोठलेलं चित्र. सिग्नल तुटल्यावर काही मॉनिटर शेवटचं दृश्य तसंच धरून ठेवतात. दुकानातच तपासून घ्या: कॅमेऱ्यासमोर हात हलवत राहा आणि दुसऱ्याला ट्रान्समीटरची अँटेना काढायला न सांगता वीज तोडायला सांगा. पडदा लगेच काळा झाला किंवा ‘नो सिग्नल’ आलं तर ठीक. हात हवेत तसाच राहिलेला दिसला तर तो संच परत करा.

रात्री कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड दिव्यांचा प्रकाश उडत्या धुळीवरून परावर्तित होतो आणि पडदा पांढरा होतो, म्हणून ट्रॉलीमागे साधा रिव्हर्स दिवा असणं चांगलं. कॅमेऱ्याला किमान आयपी६७ दर्जा हवा. तरीही धुताना प्रेशर पंपाची धार त्यावर धरू नका, कारण ६७ मधला ६ धुळीपासूनच्या आणि ७ पाण्यात बुडण्यापासूनच्या संरक्षणाचा आहे, जोरदार धारेचा नाही. भिंगावर उसाचा रस आणि फुफाटा मिळून चिकट थर बसतो. तो कोरड्या फडक्याने घासला तर भिंगावर ओरखडे उठतात. आधी पाणी ओता, मग ओल्या मऊ कापडाने पुसा. दर खेपेला वजनकाट्यावर थांबल्यावर हे करता येतं. पट्टा पडला (हंगाम संपला) की कॅमेरा काढून घरात ठेवा, प्लगची तोंडं प्लास्टिकने बांधा आणि बॅटरीचा कॅमेरा असेल तर तो अर्धा चार्ज करून सावलीत ठेवा.