ग्रे, आयलीन

ग्रे, आयलीन : (९ ऑगस्ट १८७८ – ३१ ऑक्टोबर १९७६). आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि आयुष्याचा बहुतांश काळ फ्रान्समध्ये काम केलेल्या आधुनिकतावादी वास्तुरचनाकार व अंतर्गत सजावटकार. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. लॅकरच्या (झाडाच्या चिकापासूनच्या चकाकदार लेपाच्या) घडीच्या पडद्या, गालिचे, खुर्च्या आणि मग घर, अशा क्रमाने त्या वास्तुरचनेकडे आल्या. त्यांच्या घरांचे वेगळेपण या क्रमातच आहे, कारण त्यांनी घराचा विचार दर्शनी भागापासून केला नाही. माणसाचा हात, पाठ आणि डोळा जिथे टेकतो, तिथून केला.

आयर्लंडच्या आग्नेय भागातील एनिस्कॉर्थी गावाजवळच्या ब्राउन्सवुड या घरात एका सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील जेम्स मक्लारेन स्मिथ हे चित्रकार होते. १८९५ मध्ये आईकडे स्कॉटलंडमधील ग्रे घराण्याचा किताब आला आणि मुलांनी तेच आडनाव लावले. लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतल्यावर १९०२ मध्ये त्या पॅरिसला गेल्या. १९०७ मध्ये त्यांनी तेथील र्‍यू बोनापार्तवरील २१ क्रमांकाच्या इमारतीत जागा घेतली आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे, तोच त्यांचा पत्ता राहिला.

स्लेडमध्ये शिकत असतानाच लंडनच्या सोहो भागातील एका दुरुस्तीच्या दुकानात त्यांना पौर्वात्य लॅकरची ओळख झाली. पुढे पॅरिसमध्ये सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडे त्यांनी ही कला मुळापासून शिकून घेतली. १९१० मध्ये दोघांनी मिळून कार्यशाळा काढली आणि त्यांचा सहयोग पुढे अनेक वर्षे टिकला. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्यापासून मिळते. जपानी लॅकर मात्र एका झाडाचा चीक असतो. या चिकाचा पातळ थर द्यायचा, तो दमट हवेत वाळू द्यायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावर पुढचा थर चढवायचा, असे वीस किंवा त्याहूनही अधिक थर झाल्यावर लाकडाला खोल, पाण्यासारखी चकाकी येते. कोरड्या हवेत हा चीक नीट वाळतच नाही, त्यामुळे एका पडदीचे काम महिनोन्‌महिने चाले. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या, म्हणजे आंब्याच्याच, कुळातले आहे. बिब्बा उततो तसाच हा चीकही कातडीवर उततो आणि ग्रे यांच्या हातांना त्याचा त्रास झाला. तरीही त्यांनी हे काम सोडले नाही. काळा आणि तांबडा हे रूढ रंग असलेल्या या माध्यमात त्यांनी निळ्या रंगाचेही प्रयोग केले. १९१३ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे काम पाहून वस्त्ररचनाकार आणि कलासंग्राहक झाक दूसे त्यांचे ग्राहक झाले. ‘ल देस्तँ’ (नियती) ही १९१४ ची चार पाखांची तांबडी पडदी दूसे यांच्याच संग्रहात गेली.

पहिल्या महायुद्धानंतर मादाम मॅथ्यू-लेव्ही या पॅरिसमधील टोप्यांच्या व्यावसायिकेने र्‍यू द लोतावरील आपल्या घराची संपूर्ण सजावट त्यांच्याकडे सोपवली. तेथील अरुंद, लांबट दालनाच्या भिंतींवर लॅकरच्या सुमारे ४५० छोट्या फळ्या बसवलेल्या होत्या आणि एका टप्प्यावर याच फळ्या भिंत सोडून काटकोनात दालनात शिरत. तेथे मधल्या फळ्या उभ्या सळ्यांभोवती फिरत असल्याने त्यांतून फटी पडत आणि पलीकडचे दिसे. पुढे हीच कल्पना त्यांनी स्वतंत्रपणे उभ्या राहणाऱ्या, विटांच्या रचनेसारख्या पडद्यांमध्ये वापरली. अशी पडदी भिंतही असते आणि फर्निचरही. ग्रे यांच्या वास्तुरचनेचा आरंभ कोणत्याही आराखड्यापेक्षा या फिरत्या फळ्यांमध्ये शोधणे अधिक योग्य ठरते.

१९२२ मध्ये त्यांनी पॅरिसच्या फोबूर सँ-ओनोरे रस्त्यावर ‘झाँ देझेर’ या नावाने दालन उघडले. हे नाव पुरुषाचे असले तरी त्या नावाचा कोणी मालक नव्हता. तेथे लॅकरकामाबरोबर ईव्हलिन वाइल्ड यांच्या सहकार्याने चालणाऱ्या हातमाग कार्यशाळेतील गालिचेही विकले जात. दालन १९३० मध्ये बंद झाले. १९२३ च्या प्रदर्शनातील त्यांच्या शयनकक्षाची फ्रेंच समीक्षकांनी टर उडवली. याउलट डच वास्तुविशारदांनी त्याचे मनापासून कौतुक केले आणि ‘वेंडिंगेन’ या डच नियतकालिकाने १९२४ मध्ये त्यांच्यावर अंक काढला. या दाद देण्याने त्यांचे लक्ष वास्तुरचनेकडे वळण्यास मोठी मदत झाली.

मूळचे रुमानियाचे वास्तुविशारद आणि ‘लार्शितेक्त्यूर व्हिव्हाँत’ या नियतकालिकाचे संपादक झाँ बदोविची यांनी त्यांना प्रत्यक्ष इमारत बांधण्याचा आग्रह केला. भूमध्य समुद्राकाठच्या रोकब्रून-काप-मार्तँ येथे १९२६ ते १९२९ या काळात उभे राहिलेले घर हे ग्रे यांचे सर्वांत महत्त्वाचे काम होय. घराचे नाव ‘ई-१०२७’ असे आहे. ई म्हणजे आयलीन, १० म्हणजे दहावे रोमन अक्षर जे (झाँ), २ म्हणजे बी (बदोविची) आणि ७ म्हणजे जी (ग्रे). दोघांची नावे एकमेकांत गुंफणारे हे नाव बाहेरच्याला मात्र एखाद्या यंत्राचा क्रमांक वाटते.

खांबांवर उचललेली रचना, सपाट गच्ची, आडव्या लांब खिडक्या आणि मोकळी मांडणी ही आधुनिकतावादी वास्तुविशारद ल कॉर्बूझिए यांनी पुरस्कारलेली तत्त्वे या घरात दिसतात. परंतु घर हे राहण्याचे यंत्र आहे, ही त्यांची भूमिका ग्रे यांना मान्य नव्हती. त्यांच्या मते घर हे माणसाचे कवच असते, त्याच्या शरीराचा आणि मनाचा विस्तार असतो. हा मतभेद घरातील बारीकसारीक गोष्टींमध्ये वाचता येतो. जागेवर राहून, ऊन आणि वारा कोणत्या वेळी कुठून येतो हे पाहून त्यांनी खोल्यांच्या दिशा ठरवल्या. दारातून आत येताच सगळे घर एका नजरेत दिसू नये म्हणून समोर आडोसा ठेवला आणि भिंतीवर फ्रेंचमध्ये ‘सावकाश आत या’ अशी अक्षरे छापून घेतली. कपाटांवरही आतल्या वस्तूंची नावे आहेत : उशा, टोप्या, रात्रीचे कपडे. समुद्राकडच्या खिडक्या पडदीसारख्या घडी होऊन पूर्ण बाजूला सरतात आणि दिवाणखाना जणू जहाजाचा डेक होतो. टेबलावर कपबश्यांचा खडखडाट होऊ नये म्हणून त्यांनी वरच्या पृष्ठभागाला बुचाचा थर दिला. खडखडाटाचाही विचार करणारा रचनाकार त्या पिढीत विरळाच.

या घरासाठी केलेले फर्निचर आज घराहूनही अधिक परिचित आहे. पोलादी नळ्यांच्या चौकटीतील गोल काचेचे टेबल ‘ई-१०२७’ याच नावाने ओळखले जाते. त्याच्या तळाचे कडे पुढच्या बाजूने उघडे असल्याने ते पलंगाखाली सरकते आणि वरची काच अंथरुणातल्या माणसापुढे येते. साखळीला बांधलेली एक खीळ उभ्या नळीच्या भोकांपैकी हव्या त्या भोकात घातली की टेबलाची उंची बदलते. जाड वळ्या एकावर एक रचल्यासारखी ‘बिबेंडम’ खुर्ची मिशेलिन टायरच्या जाहिरातीतील गुबगुबीत माणसाच्या नावाने ओळखली जाते. ‘ट्रान्सॅट’ ही खुर्ची जहाजाच्या डेकवरील आरामखुर्चीवरून सुचलेली आहे. लाकडी चौकटीत झुलती बैठक आणि कललेल्या डोक्यानुसार हलणारा वरचा भाग, अशी तिची रचना असून १९३० मध्ये तिचे पेटंट नोंदवले गेले.

याच खुर्चीमुळे ग्रे यांचा संबंध होळकर घराण्याशी येतो. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून १९३०च्या दशकाच्या प्रारंभी माणिकबाग हा प्रासाद आधुनिक शैलीत उभारून घेतला. त्यासाठी युरोपातील अग्रगण्य रचनाकारांकडून जे सामान घेतले गेले, त्यात ‘ट्रान्सॅट’ होती. खुद्द पॅरिसमध्ये ग्रे यांना मोजकेच ग्राहक असताना एका मराठी संस्थानिकाने त्यांच्या कामाला आपल्या घरात जागा दिली, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. माणिकबागेतील या सामानाचा मोठा भाग १९८० मध्ये मोनॅको येथील लिलावात विकला गेला.

१९३०च्या दशकात कास्तेलार या डोंगरी गावाजवळ ग्रे यांनी जुन्या दगडी पाण्याच्या टाक्यांवर स्वतःसाठी ‘तांप आ पाया’ हे छोटे घर बांधले. स्थानिक म्हणीवरून हे नाव घेतलेले आहे. वेळ आणि पेंढा मिळाला की फळ पिकते, असा त्या म्हणीचा आशय असून आंब्याची आढी घालणाऱ्यांना तो वेगळा समजावण्याची गरज नाही. या घरात जागा वाचवणाऱ्या वस्तूंवर त्यांचा भर होता. एकच वस्तू बसायला खुर्ची, चढायला शिडी आणि टॉवेल वाळवायला दांडी म्हणून वापरता येई. पुढे हे घर ब्रिटिश चित्रकार ग्रॅहम सदरलंड यांनी विकत घेतले.

ग्रे ‘ई-१०२७’ सोडून गेल्यानंतर बदोविची यांचे पाहुणे म्हणून येणाऱ्या ल कॉर्बूझिए यांनी १९३८–३९ मध्ये त्याच्या भिंतींवर भडक भित्तिचित्रे रंगवली. ग्रे यांची परवानगी त्यांनी घेतली नव्हती आणि ग्रे यांच्या दृष्टीने तो घराचा विध्वंस होता. कोऱ्या भिंती ही या रचनेतील उणीव नव्हती. प्रकाशाला पडण्यासाठी जाणीवपूर्वक राखलेली ती जागा होती, हे लक्षात घेतले तर त्यांचा संताप पूर्णपणे न्याय्य ठरतो. दुसऱ्या महायुद्धात परदेशी नागरिक म्हणून त्यांना किनारा सोडावा लागला. त्या काळात कास्तेलारचे घर लुटले गेले आणि ‘ई-१०२७’च्या भिंतींवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. युद्धानंतर त्यांचे नाव जवळपास विस्मरणात गेले आणि त्यांच्या घराचे श्रेय कधी बदोविची यांना, तर कधी ल कॉर्बूझिए यांनाच दिले जाऊ लागले. तरीही १९५४ नंतर, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी सँ-त्रोपेजवळ ‘लू पेरू’ हे अखेरचे घर पूर्ण केले.

१९६८ मध्ये वास्तुकलेचे इतिहासकार जोसेफ रिकवर्ट यांच्या ‘डोमुस’ या इटालियन मासिकातील लेखाने त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. १९७२ मध्ये दूसे संग्रहाच्या लिलावात त्यांच्या पडदीला मोठी किंमत आली आणि पुढच्याच वर्षी लंडनचे झीव अराम यांनी त्यांच्या रचनांचे उत्पादन सुरू केले. वयाच्या ९८ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये त्यांची ‘ड्रॅगन’ खुर्ची पॅरिसच्या लिलावात सुमारे २ कोटी १९ लाख युरोंना विकली गेली. डब्लिनमधील आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्या कामाचे कायमस्वरूपी दालन आहे. ‘ई-१०२७’ १९९९ मध्ये फ्रान्सच्या किनारा-संरक्षण संस्थेने घेतले आणि दीर्घ जीर्णोद्धारानंतर ते लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. दारातली ‘सावकाश आत या’ ही अक्षरे तेथे आहेत. त्यांच्या इच्छेविरुद्ध रंगवलेली चित्रेही वारसा म्हणून जतन केलेली आहेत.