आधी ध्यानश्लोक, मग चित्र : मिरज-औंध पट्ट्यातली गाण्याची चित्रं

गाण्यावरून चित्रं काढणारे चित्रकार हल्ली बरेच दिसतात. कुणी नव्या गाण्याचं कव्हर करून देतं, कुणी अख्ख्या अल्बममधल्या प्रत्येक गाण्याला एकेक चित्र जोडतं, तर कुणी मैफल चालू असतानाच स्टेजच्या कडेला बसून रंगवतं. याला ‘नवा प्रयोग’ म्हणायची पद्धत पडली आहे. मिरजेत किंवा औंधात बसून तसं म्हणणं मला जरा जड जातं.

सोळाव्या-सतराव्या शतकात रागमाला चित्रं, म्हणजे रागांना माणसांची रूपं देणाऱ्या चित्रांच्या मालिका, राजस्थानात निघत होत्या, तशा दख्खनेतही. सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या असा छत्तीस जणांचा तो संसार. तोडी म्हणजे रानात वीणा घेऊन उभी असलेली बाई आणि तिच्याभोवती जमलेली हरणं. आसावरीच्या अंगाखांद्यावर नाग. हिंदोलात झोपाळा. ललतमध्ये प्रेयसी अजून झोपलेली आणि प्रियकर पहाटेच निघालेला. बघताना वाटतं, काय ऐकलं असेल या चित्रकारानं! पण बहुतेक वेळा त्याच्यासमोर गवई नसायचा, श्लोक असायचा. रागाचं रूप सांगणारा ध्यानश्लोक वाचायचा किंवा हाताशी असलेला जुना नमुना घ्यायचा आणि त्यावरून चित्र करायचं. म्हणून तर लांबलांबच्या दरबारांतही तोडीची हरणं तीच राहिली. आज गातात ती तोडी आणि त्या चित्रातली तोडी स्वरांनी एकच, असं मात्र धरून चालता येत नाही.

याला एक झकास अपवाद आपल्या शेजारीच सापडतो. मिरजेचा किल्ला आदिलशाहीत होता तेव्हा विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशाह होता (1580 ते 1627). हा स्वतः गाणी रचायचा. ‘किताब-ए-नवरस’ हा त्याचा दखनीतल्या पदांचा संग्रह. पदं वेगवेगळ्या रागांत बांधलेली, आणि काहींत तो रागच डोळ्यांपुढे उभा केलेला. भैरव कापरासारखा गोरा, कपाळी चंद्र, तीन डोळे, जटेत गंगा. रंगवायला बसलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं? सरस्वतीला आई आणि गणपतीला बाप म्हणणारा हा सुलतान आपल्या तंबुऱ्याला ‘मोतीखान’ म्हणायचा. फर्रुखबेग या चित्रकारानं काढलेलं त्याचं वाद्य वाजवतानाचं चित्र आज प्रागच्या संग्रहालयात आहे. गाणारा, शब्द लिहिणारा आणि चित्रकारांना पोसणारा एकच माणूस. त्यामुळे श्लोकाची मध्यस्थी इथे बरीच सैल झालेली दिसते.

सांगलीत ही गोष्ट कागदावरून रंगमंचावर आली. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी पटवर्धनांच्या दरबारी ‘सीतास्वयंवर’ केलं. मराठी रंगभूमीची सुरुवात म्हणून हे आपण शाळेत पाठ करतो. पण तो खेळ चालायचा कसा, याकडे फारसं कुणी बघत नाही. पदं सूत्रधार म्हणायचा. त्याचं पद झालं की पात्रं पुढे येऊन अभिनय करायची आणि मनानेच संवाद बोलायची. म्हणजे आधी गाणं, मग त्याचं दृश्य. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, तेव्हा पद कानावर पडताच त्याचा देह कसा दिसेल हे त्यांच्या हाताला ठाऊक असावं असं मला वाटतं.

औंध साताऱ्याकडचं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 ते 1947 तिथले राजे होते. सूर्यनमस्कारांमुळे ते सगळ्यांना माहीत आहेत, पण ते स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही. रामायणाची चित्रं काढणारा हात तोच आणि आख्यान लावणारा गळाही तोच. पुन्हा एका राजातच चित्र आणि गाणं यांची गाठ पडली, ही गंमत आहे. यमाईच्या डोंगराजवळ त्यांनी 1938 मध्ये उभारलेल्या संग्रहालयात लघुचित्रंही आहेत, त्यात विजापूरचीसुद्धा. त्याच गावात गवई अंतूबुवा जोशींनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीत उत्सव आजही भरतो. रात्री उत्सवात गाणं ऐकायचं आणि दिवसा डोंगरापाशी जाऊन चित्रं बघायची, अशी सोय असलेली गावं फार नाहीत.

मिरजेत तर चित्र वाद्यावरच चढलं. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या भोपळ्याच्या गळ्याशी लाकडाची पानं बसवतात आणि कडेने वेलबुट्टी फिरते. पूर्वी त्यात हस्तिदंत जायचा, आता प्लास्टिक. पेन्सिलीने वेल काढणारा कारीगर एकीकडे, आणि दुसरीकडे घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी लावणारा, म्हणजे तारेचा झंकार जुळवणारा. डोळ्याचं काम आणि कानाचं काम एकाच खोलीत, हातभर अंतरावर. इथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पुढे ध्वनिमुद्रिका आल्या. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज घरोघरी गेला तो मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांतून. त्या तबकड्या साध्या कागदी पाकिटात यायच्या आणि लेबल दिसावं म्हणून मधे गोल भोक. चित्राला जागाच नाही. 1948 मध्ये जास्त वेळ वाजणारी लाँग प्ले तबकडी आली, तशी बारा इंची चौकोनी कव्हरं रुळली आणि चित्रकाराला हक्काचा फूटभर कागद मिळाला. कॅसेटने तो तळहाताएवढा केला, आणि फोनने नखाएवढा.

तरी एक फरक या काळात खरोखर पडला आहे. आज चित्रकाराकडे अर्धवट झालेलं गाणं येतं. फक्त चाल आणि गुणगुणणं असतं, कधी शब्दही ठरलेले नसतात. ध्यानश्लोक नाही, आख्यान नाही, रंगवायचा तो नुसता सूर. रागमालेच्या चित्रकाराला हे कुणी सांगितलं असतं तर त्यानं कुंचला खाली ठेवून श्लोक मागितला असता.

नावाची गोष्ट मात्र तशीच आहे. रागमालेच्या बहुतेक पानांवर रागाचं नाव आहे, चित्रकाराचं नाही. लाँग प्लेच्या मागच्या बाजूला, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात ते कधीमधी असायचं. फोनवर गायकाचं नाव दिसतं, संगीतकाराचं शोधल्यावर सापडतं, आणि त्या नखाएवढ्या चौकोनाखाली चित्रकारासाठी रकानाच नसतो.