ककाओचा पेला आणि नागपूरचा मे महिना

अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्यातल्या एकाने हिवाळ्यापासून चहा सोडला आहे. आता तो शुद्ध ककाओ, म्हणजे चॉकलेट ज्या बियांपासून होते त्यांचे पेय, पितो, बिनसाखरेचा, कडूजहर. "बीपी उतरते म्हणतात, तू बी घेऊन पाह ना बाप्पा," असा आग्रह रोजचाच.

त्याच्या म्हणण्याला आधार आहे. पनामाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर गुना नावाचे आदिवासी राहतात. ते दिवसभरात कित्येक पेले ककाओ पितात, आणि वय वाढले तरी त्यांचा रक्तदाब फारसा चढत नाही, असे हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांना दिसले. मीठ ते काही कमी खात नव्हते. त्यांचेच भाऊबंद पनामा शहरात राहायला गेले की रक्तदाब मात्र वाढू लागे. अर्थात शहरात गेल्यावर फक्त ककाओच सुटतो असे नाही, सगळे जगणेच बदलते.

ककाओतले कामाचे द्रव्य म्हणजे फ्लॅव्हेनॉल, त्यातही एपिकॅटेचिन. ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावते आणि वाहिन्या सैलावतात. पण किती? २०१७ साली ३५ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा रक्तदाबातली सरासरी घट भरली जेमतेम १.८ मिलिमीटर (पाऱ्याच्या मापात). एवढ्यावर कोणी गोळी बंद करू नये. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉसमॉस चाचणीचे निकाल आले. २१,४४२ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हेनॉल दिले होते. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठाम फरक दिसला नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. आशा वाटावी असा आकडा आहे, पण तो कॅप्सूलचा. पेल्याचा नव्हे.

पेल्यात काय उतरते, ते पुडीवर ठरते. सीताबर्डीत केकसाठी मिळणारी काळपट कोको पावडर बहुधा अल्कलीची प्रक्रिया केलेली असते. कडवटपणा कमी होतो, रंग खुलतो आणि फ्लॅव्हेनॉल बरेचसे नष्ट होते. फिकट, आंबटसर पावडर त्या मानाने बरी. ककाओच्या दळलेल्या बियांचा लगदा घेतला, तर त्यात निम्मी चरबीच असते, हेही ध्यानात ठेवावे.

आता आपल्या गावचे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, पाणी घामावाटे निघून जाते आणि लघवी घट्ट होते. ककाओत ऑक्झलेट भरपूर असते आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. ज्याला एकदा खडा होऊन गेला आहे, त्याने उन्हाळ्यात रोजचा ककाओ टाळावा, असे माझे मत. प्यायचाच असेल तर दुधात घ्यावा. दुधातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवते. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवणासोबत तो घेऊ नये. चहासारखाच ककाओही वरण-भाजीतले लोह अंगी लागू देत नाही. तासाभराचे अंतर ठेवावे.

त्यात थिओब्रोमिनही असते. हे कॅफिनचे चुलत भावंड. जास्त झाले की छाती धडधडते, आणि संध्याकाळी घेतलेला पेला काहींची झोप उडवतो. आमच्या मित्राबरोबर त्याचा कुत्राही फिरायला येतो. त्याच्यापुढे उरलेला ककाओ ठेवू नकोस, एवढे मात्र मी त्याला दरडावून सांगितले आहे. कुत्र्याच्या शरीरातून थिओब्रोमिन फार सावकाश बाहेर पडते, आणि माणसाला चालणारी मात्रा त्याच्या जिवावर बेतू शकते.