कापसाचा ट्रक आणि क्युबाची जहाजं

जिनिंगकडे निघालेला कापसाचा ट्रक लांबूनच ओळखू येतो. माल दोन्ही अंगांनी फुगलेला, पण टायर फारसे दबलेले नाहीत. खान्देशात ही खूण कुणाला शिकवावी लागत नाही. 1962 च्या सप्टेंबरात क्युबाला गेलेल्या काही सोव्हिएत जहाजांचंही असंच होतं: कोठाराची तोंडं मोठी, आणि भरूनही पाण्यात उंच तरंगणारी. अमेरिकी विश्लेषकांना ते दिसलं होतं. पण ही लाकूड वाहायला बांधलेली जहाजं, तोंडं मोठी असणारच, असा अर्थ लागला. आत क्षेपणास्त्रं होती.

नजर चुकली नव्हती, चुकलं होतं गृहीतक. 19 सप्टेंबरच्या अमेरिकी सरकारी अंदाजाचं म्हणणं होतं की क्युबात क्षेपणास्त्रं ठेवण्याएवढा धोका मॉस्को पत्करणार नाही. खरं तर हे सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या खुर्चीत स्वतःला बसवून काढलेलं उत्तर होतं. एकदा ते पक्कं झालं की प्रत्येक नवी बातमी त्याच साच्यात बसते. 14 ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-2 टेहळणी विमानानं काढलेल्या फोटोंनी तो साचा मोडला.

अशा चुकीवर उपाय म्हणून सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या रिचर्ड्स ह्यूअर यांनी पुढे एक तक्ता सुचवला. वर सगळ्या शक्यता, डावीकडे पुरावे. कोणता पुरावा कोणत्या शक्यतेच्या विरोधात जातो ते प्रत्येक चौकटीत लिहायचं. सगळ्याच शक्यतांना जुळणारा पुरावा बाद. समजा, रावेरचा व्यापारी कापणीला आलेल्या केळीबागेकडे आठ दिवस फिरकला नाही. भाव पडणार असेल तरी तो येत नाही, आणि शेतकऱ्याला घाबरवून बोर्डभावाखाली, म्हणजे केळीच्या रोज जाहीर होणाऱ्या भावापेक्षा कमी दरानं, माल उचलायचा असेल तरीही येत नाही. म्हणजे या गैरहजेरीवरून काहीच ठरत नाही. तो गुपचूप शेजारच्या बागेचा सौदा करतोय असं कळलं, तर मात्र पहिली शक्यता डळमळते. शेवटी टिकते ती सर्वांत कमी विरोध झालेली शक्यता, सर्वांत जास्त पाठिंबा मिळालेली नव्हे. लोक नेमकं उलटं करतात.

दुसरी गडबड शब्दांची. 1951 मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ असल्याचा अहवाल गेला. सीआयएचेच शर्मन केंट यांनी नंतर तो लिहिणाऱ्यांनाच विचारलं, गंभीर म्हणजे किती? कुणाच्या मनात 80 टक्के होते, कुणाच्या 20. मग केंट यांनी शब्दांना आकडे बांधून दिले. ‘संभाव्य’ म्हणजे 75 टक्के, फार तर 12 इकडे-तिकडे. बऱ्याच सहकाऱ्यांना ते रुचलं नाही. केंट त्यांना ‘कवी’ म्हणत.