काट्यावर न दिसणारा फायदा

वजन उतरवणारं औषध हृदयाला फायद्याचं ठरतं म्हटल्यावर बहुतेकांच्या मनात सरळ त्रैराशिक मांडलं जातं: जितके किलो कमी, तितका हार्ट अटॅक लांब. हे त्रैराशिक चुकतं. सिब्युट्रामिन या औषधानेही वजन उतरत होतं. पण हृदयरुग्णांमध्ये त्याने हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले आणि २०१० मध्ये ते अमेरिका-युरोपच्या बाजारातून गेलं.

आठवड्यातून एकदा टोचायच्या, भूक कमी करून वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिलेक्ट' चाचणीत ४१ देशांतले १७,६०४ जण होते: वय किमान ४५, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २७ किंवा जास्त, हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासूनच, मधुमेह मात्र नाही. निम्म्यांना आठवड्याला २.४ मिलिग्रॅम औषध, निम्म्यांना औषधाविना तसंच इंजेक्शन. सरासरी ४० महिन्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी औषधाविना गटात ८ टक्क्यांना झालं, औषध घेणाऱ्यांत ६.५ टक्क्यांना. 'धोका २० टक्क्यांनी घटला' हा मथळा खोटा नाही. पण सुमारे ६७ जणांनी सव्वातीन वर्षं टोचून घेतलं तेव्हा एकाचं संकट टळलं, हा त्याच आकड्यांचा दुसरा चेहरा.

गंमत अशी, की दोन गटांतला फरक सुरुवातीच्या महिन्यांतच दिसू लागला होता, वजन तर वर्षभरानंतरही उतरतच होतं. पुढच्या विश्लेषणात कंबरेचा घेर कमी होण्याच्या खाती फायद्याचा जेमतेम एक तृतीयांश वाटा आला.

उरलेलं समजून घ्यायचं तर धमनीच्या भिंतीत डोकवावं लागेल. तिथे साठलेल्या कोलेस्टेरॉलच्या गाठीवर कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचं झाकण असतं. हार्ट अटॅक बहुतेकदा नळी हळूहळू बुजल्याने येत नाही. झाकण फाटतं, आतला ऐवज रक्ताला लागतो आणि मिनिटांत गुठळी धरते. झाकणाची जाडी ६५ मायक्रॉनच्या खाली, म्हणजे साधारण केसाएवढी किंवा त्याहून कमी झाली की ते धोक्यात. पातळ करतं कोण? गाठीतल्या मॅक्रोफेज, म्हणजे मेलेलं-परकं गिळणाऱ्या संरक्षक पेशी. त्या कोलॅजेन कुरतडणारी विकरं (एन्झाइम्स) सोडतात, आणि त्यांना चेतवतो दाह (इन्फ्लमेशन). पोटातल्या फुगलेल्या चरबीपेशींना प्राणवायू पुरत नाही, त्या मरतात. प्रत्येक मेलेल्या पेशीभोवती मॅक्रोफेजचं कडं पडतं आणि तिथून इंटरल्युकिन-६ सारखे दाहाचा संदेश नेणारे रेणू रक्तात उतरतात. ते यकृतापर्यंत पोहोचले की यकृत सीआरपी हे दाहाची खूण सांगणारं प्रथिन बनवू लागतं. सिलेक्टमध्ये सीआरपी एक तृतीयांशाहून जास्त घसरलं. दाह निवला की झाकणाची झीज मंदावत असावी, आणि त्यासाठी काटा फार हलायची गरज नाही.

औषध मात्र घाईने घ्यायचं नाही. आठवड्यातून एकदा, पोट, मांडी किंवा दंडाच्या कातडीखाली, सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने, मग दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि सतराव्या आठवड्यापासून २.४. पायऱ्या गाळल्या तर मळमळ-उलट्यांची शक्यता वाढते. त्यातून शरीरातलं पाणी घटून मूत्रपिंडावर ताण येतो. सिलेक्टमध्ये त्रासामुळे १६.६ टक्क्यांनी औषध सोडलं, दुसऱ्या गटात ८.२ टक्क्यांनी. झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात, चरबीबरोबर स्नायूही जातो. म्हणून प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम हवा. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर हे औषध नको. गर्भधारणेच्या बेतात असणाऱ्यांनी दोन महिने आधी थांबवावं. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस पुन्हा ठरवावा लागू शकतो. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी मात्र परस्पर बंद करू नये: सिलेक्टमधले बहुतेक जण स्टॅटिन घेतच होते, फायदा दिसला तो त्यावरचा.

औषध थांबवलं की भूक परतते. एका चाचणीत उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश औषध थांबल्यावर वर्षभरात परत आलं. सलग दोनाहून जास्त डोस चुकले असतील तर थेट २.४ टोचू नये, डॉक्टरांना विचारावं; बऱ्याचदा पुन्हा खालच्या पायरीपासून चढावं लागतं.